मातीवरचा आळ

भाऊबीजेच्या सकाळी फोन आला तो धुराचा. खाद्यतेलाच्या रिफायनरीच्या मागच्या शेडखाली तेलाचा रंग काढायला वापरलेल्या मातीचा ढीग होता आणि पहाटेपासून त्यातून धूर निघत होता. चौकीदाराला वाटलं कुणीतरी फटाका टाकला, मालकांना वाटलं कुणाची तरी विडी. पाणी मारलं की धूर थांबायचा आणि तासाभरात दुसऱ्या अंगाने वर यायचा. "सर, आग दिसत नाही अन् धूर थांबत नाही, एकदा येऊनच जा," एवढं बोलून मालकांनी फोन ठेवला.

नागपुरातून वर्धा रोडने निघालो. कारखाना मध्यम आकाराचा, रोज ६० टन सोयाबीन तेल शुद्ध करणारा. कच्चं तेल विदर्भातल्याच सॉल्व्हंट प्लांटमधून, म्हणजे द्रावकाने तेल काढणाऱ्या कारखान्यांतून येतं. कारखान्याचं नाव इथे देत नाही. असं प्रकरण कुठल्याही रिफायनरीत घडू शकतं आणि मी ते थोड्याफार फरकाने आणखी दोन ठिकाणी पाहिलं आहे.

वापरलेली माती आपोआप पेटते, यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. फिल्टरमधून पडणाऱ्या केकमध्ये, म्हणजे तेल गाळून उरलेल्या मातीच्या थरामध्ये, वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास तेल अडकलेलं असतं. केक वाफेने नीट फुंकला नाही तर हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जातं. मातीच्या बारीक कणांवर पसरलेल्या या तेलाला हवा भरपूर मिळते. सोयाबीनमधली लिनोलेइक आणि लिनोलेनिक आम्लं ऑक्सिजन घेतात आणि घेताना उष्णता सोडतात. केक पातळ पसरलेला असेल तर ती उष्णता उडून जाते, ढीग असेल तर पोटात कोंडत राहते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये, हे जुन्या रंगाऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. इथेही तोच प्रकार होता. ढीग एकदम फोडला असता तर आतल्या तापलेल्या गाभ्याला हवा मिळून ज्वाळा उठल्या असत्या, म्हणून फावड्याने कडेकडेने ओढून, पातळ पसरून, भिजवत गेलो. दुपारपर्यंत ढीग थंड झाला.

खरं तर माझं काम इथे संपलं होतं, पण ढिगाचा आकार डोळ्यांना खटकला. वीटभट्टीवाल्याचा ट्रॅक्टर दिवाळीमुळे चार दिवस आला नव्हता, हे मान्य. तरी ६० टनांच्या प्लांटमधून चार दिवसांत तीन टनांच्या आत केक निघायला हवा. समोर साडेपाच टनांच्या वर माल होता. रिफायनरी इन्चार्जला विचारलं, तेलात माती किती टक्के टाकता?

"सध्या दोन टक्के जाते. दसऱ्यापर्यंत एक टक्क्यात भागायचं. काय सांगू साहेब, मातीच बेकार येऊन रायली. पार्टी बदलली ना."

खरेदी विभागाने त्या सुमाराला किलोमागे थोडा स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्या पुरवठादाराचा माल घेतला होता. तेलाचा कलर बिघडला, डोस वाढवला, पुरवठादाराला तक्रारीचं पत्र गेलं आणि त्याच्या बिलातून रक्कमही कापली गेली. म्हणजे कारखान्याच्या लेखी प्रकरण बंद झालं होतं. मला मात्र दुप्पट माती टाकूनही कलर येत नाही, हे पटेना.

ही माती नेमकी काय करते

इतवारीतल्या किराणा दुकानात मुलतानी माती मिळते, तिच्याच गोतावळ्यातली ही चीज. लोकरीची चिकटाई काढायला लोक शतकानुशतकं अशी माती वापरत आले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या सरकीच्या तेलाचे कारखानदार इंग्लंडहून ही माती मागवू लागले आणि १८९०च्या दशकात फ्लोरिडातल्या क्विन्सी गावाजवळ त्यांना घरचीच खाण सापडली. आज आपल्याकडच्या रिफायनऱ्यांत येणारा बहुतेक माल बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीपासून बनतो. त्यासाठी कच्छचं नाव मोठं, राजस्थानात बाडमेरचं.

बेंटोनाइटमधलं कामाचं खनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या माँमोरियों गावावरून हे नाव पडलं. त्याची रचना पापडांच्या चवडीसारखी असते. प्रत्येक पापडात वर-खाली सिलिकाचा थर, मध्ये ॲल्युमिनाचा थर आणि दोन पापडांच्या फटीत पाणी, कॅल्शियम, सोडियम. ही माती गंधकाम्लात किंवा मिठाच्या आम्लात शिजवली की फटीतल्या कॅल्शियमच्या जागी हायड्रोजन बसतो आणि मधल्या थरातलं थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, लोह विरघळून निघून जातं. माती आतून सच्छिद्र होते. ग्रॅममागे पन्नास-साठ चौरस मीटर असलेला पृष्ठभाग दोनशे-तीनशेवर जातो. आम्ल जास्त लागलं तर सगळी चवड कोसळून नुसती सिलिका उरते, म्हणून शिजवणं अर्ध्यावर थांबवतात. या व्यवसायातलं खरं कसब तिथे आहे.

अशी आम्ल दिलेली माती ब्लीचर नावाच्या भांड्यात ९० ते ११० अंश सेल्सिअसला, निर्वातात, वीस ते तीस मिनिटं तेलात ढवळतात. तेलातला पिवळा रंग, म्हणजे कॅरोटिन, तिला चिकटतो खरा, पण त्याची फार चिंता करावी लागत नाही. पुढे तेलाचा वास काढणाऱ्या डिओडोरायझरमध्ये २३० अंशांच्या वर गेल्यावर तो जळूनही जातो. हिरव्या रंगाचं तसं नाही. क्लोरोफिल आणि त्यापासून झालेलं फिओफायटिन उष्णतेने जात नाही. ते ब्लीचरमध्येच मातीवर बसलं पाहिजे आणि त्यासाठी मातीची आम्लधर्मी ठिकाणं मोकळी असली पाहिजेत. ब्लीचरमधून सुटलेला हिरवेपणा आधी पिवळ्याखाली लपतो. डिओमध्ये पिवळा गेला की तो उघडा पडतो.

मालकांच्या गिऱ्हाइकाची तक्रार हीच होती. एका फरसाणवाल्याने टँकर परत पाठवला होता, "तेल हिरवी झाक मारते" म्हणून. लॅबमधल्या लॉव्हिबाँड यंत्रावर मात्र लाल आकडा बरोबर येत होता. हे यंत्र लाल-पिवळ्या काचा जुळवून रंग मोजतं आणि हिरवा रंग लालला झाकतो. आकडा पाहून तेल पास झालं, गिऱ्हाइकाने डोळ्यांनी नापास केलं. अशा वेळी मी गिऱ्हाइकाचं ऐकतो.

दहा दिवसांत तीन बदल

लॉगशीटचा महिनाभराचा गठ्ठा घेऊन बसलो. दसऱ्याच्या आगेमागे तीन गोष्टी बदलल्या होत्या. नव्या पुरवठादाराची माती सुरू झाली. नव्या हंगामाच्या सोयाबीनचं तेल यायला लागलं. त्या वर्षी परतीच्या पावसाने घाई झाली होती, कापणी लवकर उरकली गेली आणि हिरवा दाणा बराच होता. कच्च्या तेलाचा नमुना उन्हात धरला तरी ते कळत होतं. तिसरा बदल लॉगशीटवर नव्हताच, तो मला नंतर कळला.

एक खूण मात्र लॉगशीटवर होती आणि तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. तेलातली माती गाळणारा लीफ फिल्टर पूर्वी आठ तास चालायचा, तो आता पाच तासांत चोंदून दाब घ्यायचा. इन्चार्जचं म्हणणं, नवीन माती बारीक दळलेली आहे. शक्य होतं. पण मी केक हाताने चोळून पाहिला. चांगला केक कोरड्या, भुसभुशीत भाकरीसारखा तुटतो. हा बोटांना बुळबुळीत लागला.

बुळबुळीत केक म्हटलं की साबणाची शंका येते. कच्च्या तेलातली मुक्त आम्लं काढायला कॉस्टिक सोडा टाकतात, त्याचा साबण होतो, सेपरेटर तो वेगळा करतो आणि उरलासुरला गरम पाण्याने धुतात. ब्लीचरला जाणाऱ्या तेलात साबण ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) आत हवा, ३०च्या आत असेल तर उत्तम. साबण जास्त गेला तर आम्लधर्मी मातीचा हायड्रोजन आधी साबण फोडण्यात खर्च होतो. ज्या जागेवर क्लोरोफिलने बसायचं, तिथे साबण पाय पसरून बसलेला असतो. मग माती कितीही टाका.

शिफ्ट केमिस्ट तरुण पोरगा होता, नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एलआयटीत, ऑइल टेक्नॉलॉजी शिकलेला. १९४२ साली सुरू झालेल्या त्या संस्थेचा मीही विद्यार्थी, त्यामुळे आमचं जमायला वेळ लागला नाही. साबणाचा विषय काढला तसा त्याने रजिस्टर पुढे केलं. रोज तपासणी झालेली, रोज शेरा "निरंक".

"कशी तपासतो?"

"सर, तेल धुतलेल्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन टाकतो. गुलाबी नाही आलं म्हणजे साबण नाही."

ही झटपट पद्धत अनेक कारखान्यांत चालते आणि एरवी ती चुकीचीही नाही. सोडियमचा साबण पाण्यात उतरतो, पाणी अल्कली होतं, गुलाबी रंग येतो. त्याला म्हटलं, आज तेलच तपासू. ओलसर ॲसिटोन, ब्रोमोफेनॉल ब्लू आणि अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. तेलाचा नमुना टाकून हलवल्याबरोबर वरचा थर हिरवा-निळा झाला. पोरगा गप्प. पिवळा येईपर्यंत ब्युरेटमधून थेंब पडत राहिले आणि हिशोब आला १८० पीपीएम.

बीकर

आता माती निर्दोष सुटली, असं मला त्या संध्याकाळी वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याला तडा गेला.

जुन्या पुरवठादाराच्या मातीच्या दोन गोण्या गोदामाच्या कोपऱ्यात सापडल्या होत्या. प्लांटचं न्यूट्रल, म्हणजे कॉस्टिकने आम्लं काढलेलं तेल घेतलं, त्यातलं अर्धं लॅबमध्ये डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुतलं आणि जुनी-नवी माती एक टक्का टाकून ब्लीच करून पाहिलं. माझा अंदाज होता, धुतलेलं तेल दोन्ही मातींनी स्वच्छ होईल. तसं झालं नाही. चारही बीकर हिरवटच. धुतलेल्या तेलातला साबण मोजला तर १५० पीपीएम. गरम डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवूनही साबण जागचा हलत नाही, हे माझ्या अनुभवात बसेना. इन्चार्जने "सांगितलं होतं ना" अशा नजरेने पाहिलं. तो दिवस फुकट गेला, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच दिवशी आणखी एक प्रयोग झाला, तो माझ्या यादीत नव्हता. न्यूट्रलायझरवरचे फोरमन, सगळे त्यांना काका म्हणतात, उमरेडकडचे. त्यांनी पिशवीत आपल्या वावरातली काळी माती आणली होती. "साहेब, मातीनंच तेल खुलते म्हणता, तं मंग आपली माती काहून नाही चालत?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. काळ्या मातीत जे खनिज फुगतं आणि उन्हाळ्यात भेगा पाडतं, ते याच कुळातलं. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन ती बनली आणि कच्छच्या बेंटोनाइटचं नातंही त्याच दख्खनच्या खडकाशी आहे. नागपूर तर या खडकाच्या पूर्वेच्या काठावरच वसलंय. देशातल्या खनिजांची नोंद ठेवणाऱ्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था अमरावती रोडवर. इतकं सगळं उशाला असताना आपण माती हजार किलोमीटरवरून आणतो, याचं काकांना नवल वाटणं साहजिक होतं.

मी त्यांच्यासमोर मातीवर आम्लाचे दोन थेंब टाकले. फसफसून फेस आला. चुनखडी. आम्ल देऊन ही माती तयार करायची म्हटलं तर निम्मं आम्ल त्या चुन्यातच जिरेल. त्यात लोह, वाळू, काडीकचरा. तरी सुकवून, चाळून तेलात टाकली. फिल्टर पेपर चोंदला, तेल जवळपास होतं तसंच राहिलं. काका म्हणाले, "वावरातच बरी हाय म्हणजे."

पण त्या फेसाने माझं डोकं ठिकाणावर आलं. चुना. पाण्याने न जाणारा साबण म्हणजे चुन्याचा साबण. जड पाण्यात कपडे धुताना साबणाचा जो चिकट, पांढरा मळ येतो, तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा साबण असतो. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात मजेत राहतो. पाणी गुलाबी न होण्याचं कारणही तेच. साबण पाण्यात उतरतच नव्हता, तर फिनॉल्फ्थॅलीन काय दाखवणार?

तिसऱ्या दिवशी तेल सायट्रिक आम्लाच्या पाण्याने धुतलं. सायट्रिक कॅल्शियमला धरून पाण्यात ओढून नेतं. साबण २० पीपीएमच्या खाली आला. पुन्हा चार बीकर लावले आणि नमुने क्लोरोफिल मोजायला शहरातल्या एका लॅबकडे पाठवले. प्लांटचं तेल, जुनी माती: २४० पीपीबी (अब्ज भागांत २४० भाग). तेच तेल, नवी माती: २९०. सायट्रिकने धुतलेलं तेल, जुनी माती: ३५. तेच, नवी माती: ५०. आमचं लक्ष्य ५०च्या आतलं.

आकडे काय सांगतात ते उघड आहे, पण एक बारकावा सोडता येत नाही. नवी माती खरोखरच जुनीपेक्षा थोडी कमी होती. डोस दुप्पट करण्याइतकी मुळीच नाही, पण कमी होती. इन्चार्ज पूर्ण चुकीचा नव्हता.

कॅल्शियम फॉस्फोलिपिडांसोबतही, म्हणजे तेलातल्या फॉस्फरसयुक्त डिंकासोबतही, तेलात येऊ शकतं, म्हणून फॉस्फरस मोजून घेतला. तो ३ पीपीएम निघाला, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून १०च्या आसपास. डिगमिंगवर, म्हणजे हा डिंक काढण्याच्या टप्प्यावर, खापर फोडता येणार नव्हतं.

पाणी

तेल धुवायला बॉयलरकडे परतणारं कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, वापरायचं, असं प्लांटच्या नकाशावर होतं. कंडेन्सेटमध्ये जडपणा जवळजवळ नसतो. मी वॉशच्या टाकीला येणारी लाइन पायाने चालत मागे गेलो. कंडेन्सेटचा पंप बंद पडलेला, सील गळत होतं म्हणून काढून ठेवलेला. शेजारी बोअरच्या पाण्याची जोडणी, वाल्व उघडा. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मेंटेनन्सने "चार दिवसांपुरती" केलेली. तीन आठवडे होऊन गेले होते. हा तिसरा बदल.

बोअरच्या पाण्याचा जडपणा मोजला, ४२० पीपीएम. आमच्या भागातल्या बोअरला हे काही अचंब्याचं नाही. ज्याच्या घरी गिझर आहे त्याला विचारा. पाणी थेट वाफेने ९० अंशांपर्यंत तापवलं जात होतं, त्यामुळे लॉगशीटवर तापमान रोज बरोबर, प्रमाण रोज बरोबर. पाणी कुठलं, यासाठी रकानाच नव्हता.

ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, "पाणी ते पाणीच राहते ना जी." त्याला दोष देणं मला जमलं नाही. वॉशच्या पाण्यात काय असू नये, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं आणि त्या पाण्याने तेल डोळ्यांना स्वच्छच दिसत होतं.

सील शहरातून आणायला आणि बसवायला दीड दिवस लागला. तोवर ब्लीचरच्या आधी सायट्रिक आम्लाचा छोटा डोस सुरू केला, तो नंतरही चालू ठेवायला सांगितला. पंप सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी साबण ४०वर आला, चौथ्या दिवसापासून ३०च्या आसपास. माती दोन टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने खाली आणली, ती १.१ टक्क्यावर थांबली. पूर्वीच्या एक टक्क्यावर त्या हंगामात गेलो नाही. दाणा हिरवा होता, माती किंचित कमी ताकदीची होती, तेवढं त्यांचं देणं लागत होतं. फिल्टर पुन्हा साडेसात-आठ तास चालू लागला.

हिशोब

मालकांना रसायनशास्त्रात रस नव्हता. त्यांच्यासाठी कागदाच्या पाठीमागे हिशोब केला. एक टक्क्याने रोज ६०० किलो माती, दोन टक्क्यांनी १२००. मातीचे जास्तीचे पैसे त्यांना माहीत होतेच. त्यांनी मोजलं नव्हतं ते तेल. जास्तीच्या ६०० किलो मातीतलं पाणी उडालं तरी सव्वापाचशे किलो उरते आणि ती केकमध्ये रोज पावणेदोनशे किलो तेल धरून बाहेर पडते. किलोला शंभर रुपये धरा, रोजचे साडेसतरा हजार. हे तेल वीटभट्टीवाला फुकट नेत होता आणि त्याच्या विटा तीन आठवडे मजेत भाजत होत्या. शिवाय परत आलेला टँकर, आणि दिवाळीत धुमसलेला ढीग. मालकांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

ढिगाबाबत तीन गोष्टी ठरल्या. केक पाडण्याआधी पूर्ण वेळ वाफेने फुंकायचा, पडल्याबरोबर ओला करायचा आणि ट्रॅक्टर आला नाही तर गुडघ्याच्या वर ढीग चढू द्यायचा नाही. बोअरच्या वाल्वला कुलूप लागलं, किल्ली शिफ्ट केमिस्टकडे. लॉगशीटवर "वॉशचं पाणी: स्रोत, जडपणा" असा रकाना आला आणि फिनॉल्फ्थॅलीनच्या जोडीला दर शिफ्टला ॲसिटोनची चाचणी.

राहिला तो पुरवठादार. त्याच्या बिलातून कापलेली रक्कम परत करावी, असं मी सुचवलं. खरेदीवाल्यांनी लगेच बीकरचे आकडे पुढे केले, "सर, २४० अन् २९०, ३५ अन् ५०. तुम्हीच म्हणता माती थोडी कमी आहे." आकडे माझेच होते, नाही कसं म्हणणार. अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी मालकांनी कापलेल्या रकमेचे तीन हिस्से परत करायचे आणि एक ठेवायचा, असं ठरवलं आणि चहा मागवला. पुढच्या खेपेचा माल मात्र त्यांनी जुन्याच पुरवठादाराकडून घेतला.